लघुचित्रांतील पशुपक्षी (मुघल व दख्खनी)

भारतातील फार्सीभाषक दरबारांत, मुख्यतः १६व्या ते १८व्या शतकांत, पोथ्यांसाठी वा चित्रसंग्रहांसाठी काढलेल्या लघुचित्रांमधील प्राण्यापक्ष्यांची रूपे. सीमुर्ग हा कल्पित पक्षी आणि अजदहा (ड्रॅगन) इराणी चित्रपरंपरेतून आले. प्रत्यक्ष पाहून रंगवलेला पशू ही मुघल चित्रशाळेची खरी कमाई.

आरंभी प्राणी आले ते गोष्टींबरोबर. पंचतंत्र अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झाले आणि पुढे हुसेन वाइझ काशिफीने फार्सीत त्याची ‘अन्वार-ए-सुहैली’ केली. अकबराच्या चित्रकारांनी तिच्या सचित्र प्रती तयार केल्या. त्यांतल्या एका प्रतीची पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. पंचतंत्रातले कोल्हे करटक-दमनक असे फार्सी वेषात माघारी आले.

जहांगीरच्या काळात (१६०५–२७) गोष्ट मागे पडून प्राणीच चित्राचा विषय झाला. १६१२ मध्ये त्याचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत एक टर्की कोंबडा होता. माजावर आला की त्याचे डोके आणि मान पोवळ्यासारखी लाल होते, मग कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी, असे बादशहाने आत्मचरित्रात लिहिले आहे. वर्णन पुरणार नाही म्हणून त्याने चित्रही काढवून घेतले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले टर्कीचे चित्र ‘नादिर-उल-असर’ किताबाचा चित्रकार मन्सूर याचे मानतात. खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने काढलेले त्यातले पीसन्‌पीस मोजून घ्यावे. लैला-मजनू नावांच्या सारस जोडीचे अंडी उबवणेही जहांगीरने टिपून ठेवले.

दख्खनी चित्रकाराला निरीक्षणापेक्षा कल्पनेची ओढ अधिक. माणसे, श्वापदे एकात एक गुंफून हत्ती किंवा घोडा उभा करायचा, ही त्याची आवडती करामत. नऊ स्त्रियांच्या देहांतून घडवलेला हत्ती, आपला नवनारीकुंजर, याच जातीचा. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ रचलेली सचित्र दख्खनी पोथी ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आहे.

पूर्व विदर्भातल्या चामोर्शी-चंद्रपूरच्या मुलखात अशी दरबारी लघुचित्रांची शाळा नव्हती. मुघल दरबाराला हा मुलूख ठाऊक होता: ‘ऐन-ए-अकबरी’त चांद्याचा (चंद्रपूरचा) गोंड राजा आणि वैरागडची हिऱ्यांची खाण येते. राजचिन्हे मात्र या भागात दगडात कोरलेली सापडतात. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर स्वार झालेला सिंह हे गोंड राजांचे चिन्ह आहे. वऱ्हाडात गाविलगडाच्या दरवाजावर गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी हत्तींना पकडून बसला आहे. गोंड चिन्हातला सिंह मुघल चित्रांची नक्कल ठरवण्याची घाई करू नये, कारण हत्तीला दाबणारा सिंह भारतीय शिल्पात फार जुना आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी मार्कंडा देवळाच्या भिंतींवर हंसांच्या आणि माकडांच्या ओळी आहेत. त्या मुघल दरबाराच्या कित्येक शतके आधीच्या.