उसनी बेरीज

आमच्या घरातून भाजपला पहिलं मत कधी पडलं, यावर वडिलांचं आणि काकांचं एकमत नाही. वडील म्हणतात २०१४, काका म्हणतात २०१९. एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य आहे. त्या दिवशी घरातल्या कुणाचेही विचार बदलले नव्हते. आमचं गाव कृष्णाकाठी, कराड दक्षिणमध्ये. थोडं पुढे गेलं की वाळवा तालुका, म्हणजे सांगली जिल्हा. ऊस कृष्णा कारखान्याला जातो. कारखान्याचे सभासद दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि गावात माणूस कोणत्या पक्षाचा हे विचारण्याआधी कारखान्यात कोणत्या गटाचा हे विचारतात.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इतिहास रीतसर शिकलेलो नाही. जून २०२४ मध्ये लोकसभेचे निकाल लागले. महाराष्ट्रात भाजप २३ जागांवरून ९ वर आला. त्यानंतर 'भाजप आता सावरणार कसा' या विषयावर जे जे छापून आलं ते मी वाचत होतो. विचारधारा, नेतृत्व, नॅरेटिव्ह, सोशल मीडिया असं सगळं त्यात होतं, फक्त आमचा तालुका नव्हता. मग निवडणूक आयोगाच्या जुन्या अहवालांच्या पीडीएफ उतरवून घेतल्या आणि मागे मागे जात राहिलो.

या पट्ट्यात उजव्या राजकारणाची सगळ्यात मोठी हार मतपेटीतून झालेली नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कित्येक कुटुंबांनी गाव कायमचं सोडलं. ४ फेब्रुवारीला संघावर बंदी आली, ती उठायला जुलै १९४९ उजाडला. हिंदू महासभेचं नाव घेणंही अवघड झालं. आधीच या खेड्यांचं राजकारण सत्यशोधक जलशांनी आणि पुढे प्रतिसरकारने घडवलेलं. त्यामुळे ऑक्टोबर १९५१ मध्ये जनसंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्याकडे इथे होत्या त्या वाई, कराड, सांगली, मिरजेच्या जुन्या पेठा. खेड्यात कुणी नाही.

आजोबा एक आठवण सांगायचे. मतदानाच्या दिवशी पणतीचा पोलिंग एजंट कराडहून सायकलवर यायचा, शाळामास्तर होता. गावात त्याचं कुणी नाही म्हणून दुपारची भाकरी आमच्या घरून जायची. संध्याकाळी तो आभार मानून परत जायचा. पेटीतून त्याच्या पक्षाला काय मिळणार हे त्याला आणि भाकरी देणाऱ्यांना दोघांनाही ठाऊक असायचं. आजोबा त्याची चेष्टा करत नसत. 'चिकाटीचा माणूस' म्हणत.

स्वतः आजोबा आधी शेकापचे होते. मग काँग्रेसचे झाले. त्यांचं मन का बदललं, असं मी एकदा विचारलं होतं. 'मन कुठं बदललं? भाऊ गेले म्हणून आम्ही गेलो.' भाऊ म्हणजे यशवंतराव मोहिते.

इथे मला वाटतं खरी गोष्ट सुरू होते, आणि ती काँग्रेसच्या पराभवाची आहे. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातली काँग्रेस अक्षरशः वाहून गेली. उत्तर साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले, आणि कराडमध्ये खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण काठावर वाचले. पक्ष पुन्हा उभा करायला यशवंतरावांनी जे केलं त्याला 'बेरजेचं राजकारण' म्हणतात. शेकापची तगडी माणसं एकेक करून आत घेतली. मोहिते आले, शेकापचे खासदार आनंदराव चव्हाण आले. पण नुसती माणसं घेऊन भागलं नसतं. राज्य झालं, सहकारी कारखान्यांना बळ मिळालं, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आलेल्या माणसाला बसायला खुर्ची होती आणि करायला काम होतं. १९६२ च्या विधानसभेत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या.

भाजपची १९८४ ची हार त्यामानाने फार वेळा सांगून झालीय. देशात दोन जागा, एक मेहसाणा आणि एक हनमकोंडा. मग कृष्णलाल शर्मांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला, एकात्म मानववाद पुन्हा मध्यभागी आला, १९८६ ला अडवाणी अध्यक्ष झाले. महाराष्ट्रात मात्र वसंतराव भागवत वेगळ्याच हिशेबात होते. 'शेटजी-भटजींचा पक्ष' हा शिक्का पुसायचा तर माळी, धनगर, वंजारी समाजातून नेते घडवायचे, हे त्यांचं 'माधव' सूत्र. त्यातून गोपीनाथ मुंडे आले, ना. स. फरांदे आले आणि सांगली जिल्ह्यातून अण्णा डांगे. डांगे युती सरकारात मंत्री झाले. हे काम संथ आणि कष्टाचं होतं, आणि माझ्या मते पक्षबांधणी म्हणावी अशी तीच. पण कृष्णेच्या पाण्यावरच्या गावांत त्याने फारसं काही हललं नाही. २००४ ला सुरेश खाडे निवडून आले ते जतमधून, जिल्ह्याच्या पूर्वेच्या दुष्काळी टोकाला. डांगे स्वतः पुढे पक्ष सोडून राष्ट्रवादीत गेले.

साताऱ्यात तर भाजपने दुसरा रस्ता आधीच चाचपून पाहिला होता. १९९८ च्या पोटनिवडणुकीत उदयनराजे कमळावर आमदार झाले, राज्यमंत्रीही झाले. पुढच्याच वर्षी अभयसिंहराजेंनी त्यांना हरवलं. दोघेही राजघराण्यातले, चुलते-पुतणे. लढत वाड्यातली होती, कमळ तिला साक्षीदार म्हणून हजर होतं. उदयनराजे नंतर राष्ट्रवादीत गेले, साताऱ्यात पक्ष होता तिथेच राहिला.

एक परदेशी उदाहरण देण्याचा मोह होतोय. १९४५ ला चर्चिलचा पक्ष हरला तेव्हा संघटना लॉर्ड वुल्टन या दुकानदारीत मुरलेल्या माणसाकडे दिली गेली. त्याने सभासद वाढवले, आणि उमेदवाराने पक्षाला किती देणगी द्यायची यावर कडक मर्यादा आली, म्हणजे श्रीमंताला मतदारसंघ विकत घेता येऊ नये. १९५१ ला ते सत्तेत परतले. हे वाचताना मला हसू आलं. आमच्याकडे उमेदवाराची पहिली पात्रताच 'खर्च झेपेल का' ही असते.

२०१४ पासून भाजपने इथे यशवंतरावांची वही उघडली. सांगलीत राष्ट्रवादीतून आलेले संजयकाका पाटील खासदार झाले, वसंतदादांच्या नातवाला हरवून. कराड दक्षिणमध्ये कृष्णा कारखान्याच्या भोसले घराण्यातले अतुल भोसले कमळावर उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले. अतुल भोसले म्हणजे जयवंतराव भोसल्यांचे नातू, आणि जयवंतराव म्हणजे मोहिते भाऊंचे सख्खे भाऊ. हरलेल्या उमेदवाराला पक्षाने वाऱ्यावर सोडलं नाही. २०१७ ला पंढरपूरच्या मंदिर समितीचं अध्यक्षपद दिलं. २०१९ ला ते पृथ्वीराज चव्हाणांकडून सुमारे ९ हजारांनी हरले, २०२४ ला ३९ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. पृथ्वीराज हे आनंदरावांचे चिरंजीव. म्हणजे शेकापमधून काँग्रेसमध्ये आलेल्या दोन घराण्यांची ही लढत, कमळ आणि पंजा या चिन्हांवर.

हिशेब नेहमी जुळतोच असं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्यात पवारांनी भर पावसात सभा घेतली आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत उदयनराजे सुमारे ८७ हजारांनी पडले. २०२४ ला ते सुमारे ३२ हजारांनी जिंकले, पण 'पिपाणी' चिन्हावरच्या एका अपक्षाला ३७ हजारांच्या आसपास मतं पडली होती, आणि विरोधकांचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. असा स्क्रीन मी डिझाइन केला असता तर टेस्टिंगमध्येच परत आला असता. सांगलीत संजयकाका वसंतदादांच्याच दुसऱ्या नातवाकडून, अपक्ष विशाल पाटलांकडून, लाखभर मतांनी हरले. पाच महिन्यांच्या आतच ते अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले, तासगावातून विधानसभा लढले आणि तिथेही हरले. उसना घेतलेला माणूस दहा वर्षं खासदार राहून निघून गेला, तेव्हा भाजपकडे तासगावात स्वतःचं काय उरलं हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

नोव्हेंबरमध्ये मात्र सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीकडे गेल्या, त्यातल्या चार भाजपच्या. पराभवापासून जेमतेम सहा महिने. लाडक्या बहिणीचे दीड हजार काकूच्या खात्यात येत होते, तेही त्यात आहेच. पण यशवंतरावांनी आलेल्या माणसांसाठी नव्या संस्था उभ्या केल्या होत्या. इथे माणसंच आपापल्या संस्था घेऊन आली: कारखाना, बँक, रुग्णालय, वाडा. पक्षाने त्यांवर छत घातलं. छप्पर काढलं तरी घर उभंच राहील, फक्त ते कुणाचं, हे काकांना विचारलं तर ते विषय उसाच्या दराकडे नेतात.

त्या मतदानाला मी गावी गेलो होतो. कमळाचे पोलिंग एजंट काका होते, पंजाचे आमचेच एक चुलते. दोघांचा डबा आमच्या घरून गेला. पणतीवाल्या मास्तरांच्या घरचं कुणी आता कराडात राहतं का, हे मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, 'त्यांचं नाव आजोबांनाच ठाऊक होतं.'