बॅकअप ‘झाला’, पण टेप रिकामी: युनिक्समध्ये हे कसं घडायचं?

१९८० आणि ९० च्या दशकांत युनिक्स वर्कस्टेशन अनेक असत, टेप ड्राइव्ह मात्र एखादाच. मग ज्या यंत्राला ड्राइव्ह जोडलेला असे, त्यावर बाकीची यंत्रं नेटवर्कवरून बॅकअप घेत. ‘टार’ किंवा ‘आरडंप’ हा प्रोग्राम ‘आरएसएच’मार्फत त्या यंत्रावर ‘आरएमटी’ नावाचा छोटा प्रोग्राम सुरू करी आणि तो टेपवर लिही.

सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे ‘परमिशन डिनाइड’. इथे पासवर्ड विचारायला कोणी नसतं. टेपवाल्या यंत्रावरच्या ‘.आरहोस्ट्स’ फाइलमध्ये पाठवणाऱ्या यंत्राचं आणि वापरकर्त्याचं नाव असावंच लागतं. ती फाइल इतर कोणालाही बदलता येत असेल, तर यंत्र तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

परवानगी मिळूनही बॅकअप लगेच तुटत असेल, तर शेल सुरू होताना चालणारी फाइल बघावी. तिथे कोणी हौसेने स्वागताचा संदेश टाकलेला असतो. माणसाला तो गोड वाटतो, पण टार त्याला आरएमटीचं उत्तर समजतो आणि गोंधळतो. आरएसएचने नुसती ‘डेट’ ही आज्ञा पाठवून पाहावी. तारखेशिवाय एक अक्षरही आलं, तर चोर सापडला.

खरा धोका मात्र चूक न दाखवणाऱ्या बिघाडात आहे. आरएमटीऐवजी अनेक जण टारचा डेटा आरएसएचमधून पलीकडच्या ‘डीडी’ला देत. पलीकडे टेप भरली किंवा ड्राइव्हमध्ये टेपच नसली, तरी आरएसएच ते अपयश परत कळवत नाही. रात्रीची स्क्रिप्ट तेवढ्यावरच यश समजून मोकळी होते.

दुसरा सापळा नावातल्या एका अक्षराचा. सनच्या जुन्या यंत्रांवर ‘आरएसटी०’ वापरलं, की काम संपताच टेप गुंडाळून सुरुवातीला येते. ‘एनआरएसटी०’ने ती आहे तिथेच थांबते. पहिलं नाव वापरून एकाच टेपवर तीन यंत्रांचे बॅकअप घेतले, तर उरतो फक्त शेवटचा. आधीचे दोन पुसले गेले, हे कळतं ते डिस्क बिघडल्यावर.

म्हणून बॅकअपनंतर टेप गुंडाळून टारने तिची यादी वाचून पाहणं, आणि अधूनमधून एखादी फाइल खरोखर परत काढणं, हाच भरवशाचा उपाय.

पुढे आरएसएचची जागा ‘एसएसएच’ने घेतली. ते डेटा कुलूपबंद पाठवतं, आणि पलीकडची आज्ञा फसली तर तसं कळवतंही.