पडद्यावरचे पहिले नाव

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवीच्या मुलामुलींनी एक छोटी सावल्यांची फिल्म करायचे ठरवले. काळ्या कागदाच्या कापलेल्या आकृत्या, मागून दिवा, वर टांगलेला मोबाईल, आणि आकृती केसभर सरकवून एकेक फोटो. तीन मिनिटांची फिल्म, एका सेकंदाला बारा फोटो. गणिताच्या सरांनी फळ्यावर हिशेब मांडला, २१६० फोटो. वर्ग क्षणभर गप्प झाला. बी.एड.ला असताना मी चाळीसेक पाठांची टाचणे लिहिली होती, पण एवढ्या लांबीचे टाचण कधी केले नव्हते.

कथा निवडायला मात्र वेळ लागला नाही. ‘अलिफ लैला’तला शहजादा अहमद आणि परी बानो. “टीचर, ही आपलीच कहाणी आहे, हिच्यासाठी कुठे शोधायला जायला नको,” असे एक मुलगी म्हणाली. तिचे हे वाक्य पुढे तीन महिने आम्हाला पुरले.

पहिली अडचण घरून आली. एका मुलीचे अब्बा शाळेत आले आणि अदबीने विचारू लागले, की जानदाराची तसवीर करायला आपण मुलांना का लावता? प्रश्न प्रामाणिक होता, तो हसण्यावारी नेणे मला बरे वाटले नाही. मी त्यांना आकृती दाखवली. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसती कड. मग सांगितले, की अरबीत या खेळाला खयाल अल-जिल म्हणतात. मोसुलहून कैरोला आलेल्या इब्न दानियालने तेराव्या शतकात या खेळासाठी लिहिलेली तीन नाटके आजही उपलब्ध आहेत. तुर्कस्तानात रमजानच्या रात्री कारागोझचा सावल्यांचा खेळ शतकानुशतके रंगत आला. आणि इतक्या लांब कशाला, आपल्या कोकणात पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतातच. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगी घरची कात्री घेऊन आली, तेव्हा उत्तर कळले.

मग मुलांना मी एक जुना जर्मन चित्रपट दाखवला. नाव ‘शहजादा अहमदची साहसे’, साल १९२६. जगातल्या आज शिल्लक असलेल्या पूर्ण लांबीच्या चलच्चित्रपटांत हा सर्वांत जुना. डिस्नेच्या हिमगौरीच्या अकरा वर्षे आधीचा. त्याची कर्ती लोट्टे रायनिगर १८९९ साली बर्लिनमध्ये जन्मली. काम सुरू झाले १९२३ मध्ये, म्हणजे बाईंचे वय चोवीसच्या आसपास. त्या वर्षी जर्मनीत महागाई अशी भडकली होती, की सकाळचा पगार संध्याकाळी कवडीमोल व्हायचा. लुई हागेन नावाच्या एका बँकवाल्याने पैसा बुडू नये म्हणून कच्ची फिल्म घेऊन ठेवली होती. तीच त्याने लोट्टेबाईंना दिली आणि पॉट्सडॅममध्ये आपल्या गॅरेजवरचा पोटमाळा स्टुडिओसाठी मोकळा करून दिला.

माळा इतका ठेंगणा, की काचेचे टेबल खाली ठेवून कॅमेरा वर लटकवावा लागे. काळा पुठ्ठा आणि शिशाचे पातळ पत्रे कापून आकृत्या केलेल्या, सांधे तारेने बांधलेले. नवरा कार्ल कोख कॅमेऱ्यावर. तीन वर्षे हे काम चालले आणि हाती आला पासष्ट मिनिटांचा चित्रपट. मूळ निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली, लंडनच्या संग्रहात राहिलेल्या प्रतीवरून चित्रपट पुन्हा उभा केला गेला. मुले त्यात इतकी गुंगली, की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठेना. शहजाद्याच्या बोटांची नुसती हालचाल पाहून त्याचे मन कळते! हे कसब कात्रीचे आहे, आणि ते मला आजही चमत्कारासारखे वाटते.

पण दुसऱ्यांदा पाहताना मुलांना शंका येऊ लागल्या. जादूगार ‘आफ्रिकेचा’ का? खलिफाच्या शहरातून कथा एकदम चीनला कशी जाते? परीचे पिसांचे वस्त्र चोरण्याचा प्रसंग तर हसन बसरीच्या गोष्टीतला. अल्लाउद्दीनही मध्येच येतो आणि उडता घोडाही. बर्लिनहून पाहिले, की पूर्व म्हणजे सगळे एकच मोठे मीनाबाजार असावे! मला या चित्रपटाबद्दल आदर आहे, पण हा दोष झाकण्यात अर्थ नाही. मुलांनी विचारले, “मग असली गोष्ट कुठली?” मी म्हटले, शोधू या. आणि इथेच आमची ‘आपलीच कहाणी’ हातातून निसटू लागली.

‘अलिफ लैला’ युरोपात नेली आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाने. १७०४ पासून त्याचे खंड निघू लागले. त्याच्याकडे सीरियातून आलेले एक जुने अरबी हस्तलिखित होते, पण त्यातल्या गोष्टी संपल्या आणि वाचकांची भूक मात्र वाढलेली. अशा वेळी, १७०९ च्या मार्चमध्ये, पॅरिसमध्ये त्याला एक तरुण भेटला. हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, वय विशीच्या आसपास, नाव हन्ना दियाब. (वर्गातल्या मुलींना ही बाई वाटली. हन्ना म्हणजे युहन्ना, पुरुषाचे नाव.) पॉल लुका या फ्रेंच प्रवाशाबरोबर दुभाष्या म्हणून तो मिसर, ट्युनिस करत फ्रान्सला पोचला होता. राजाच्या ग्रंथालयात अरबी पुस्तकांवर नोकरी लावून देतो, असे त्याला सांगितले गेले होते. व्हर्सायला बादशहासमोर त्याला उभे केले गेले, त्या वर्षीच्या भयंकर थंडीत पॅरिसमध्ये तो मरता मरता वाचला. नोकरी मिळाली नाही.

मे-जूनमध्ये त्याने गालाँला सोळा गोष्टी दिल्या, त्यांतल्या दहा छापल्या गेल्या. अल्लाउद्दीन त्याची, अलीबाबा त्याची, उडता घोडा त्याच्याच तोंडून आलेला, आणि शहजादा अहमद व परी बानोही त्याचीच. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा यांचे गालाँच्या आधीचे अरबी हस्तलिखित सापडलेले नाही. शेवटचे दोन खंड गालाँच्या मृत्यूनंतर १७१७ मध्ये आले. त्या खंडांत हन्नाचे नाव कुठेही नाही. ते होते फक्त गालाँच्या रोजनिशीत. १८८८ मध्ये विद्वानांनी रोजनिशीतला तो भाग छापला, तरी गोष्टीच्या पुस्तकांवर नाव काही चढले नाही.

हन्ना घरी परतला आणि हलबमध्ये कापडाचा व्यापारी झाला. पंचाहत्तरीच्या सुमारास, १७६४ च्या आसपास, त्याने अरबीत आपला प्रवास लिहून काढला. त्या वहीची सुरुवातीची पाने गळाली, म्हणून व्हॅटिकनच्या ग्रंथालयात ती बेवारस पडून राहिली. ही वही हन्नाची, हे ओळखले गेले १९९३ मध्ये. फ्रेंच भाषांतर २०१५ मध्ये निघाले. त्यात तो आपल्या गोष्टींबद्दल चारच ओळी लिहितो. एक म्हातारा यायचा, त्याला काही रात्री कमी पडत होत्या, त्या मी सांगितल्या, एवढेच. म्हाताऱ्याचे नावसुद्धा त्याने दिलेले नाही. गालाँने हन्नाला गाळले आणि हन्नाने गालाँला, हा योगायोग मला फार आवडला.

हन्ना मरोनी ख्रिस्ती होता. हे सांगितल्यावर तीच मुलगी, जरा रागावूनच, म्हणाली, “म्हणजे ही आपली नाहीच?” मी तिला सांगितले, की उर्दूत ‘अलिफ लैला’ आणणाऱ्यांत पंडित रतननाथ सरशार होते. आणि मूळ कथेत अहमदचे वालिद कुठले सुलतान आहेत, ते पुन्हा वाच.

ते हिंदुस्थानचे आहेत. तीन भावांपैकी हुसेन बिसनगरला जाऊन उडता गालिचा घेतो, अली शिराझहून दुर्बीण आणतो, अहमद समरकंदहून आजार बरा करणारे सफरचंद. बिसनगर म्हणजे विजयनगर, आजचे हंपी! आम्ही ठरवले, की लोट्टेबाईंचा मीनाबाजार नको. फिल्म बिसनगरच्या बाजारात सुरू होईल आणि बाजार खरा असेल. सावलीच्या खेळात कपड्याचा रंग दिसत नाही, फक्त कड दिसते, म्हणून टोपी कशी होती हाच मोठा प्रश्न. तोही सुटला. विजयनगरचे राजे दरबारात उंच निमुळती कुल्लायी घालत, हा शब्द फारसीतल्या कुलाहवरून आलेला. अंगातली कबायी म्हणजे आपला कबा. १४४३ मध्ये हेरातच्या शाहरुखचा वकील अब्दुर रज्जाक समरकंदी तिथे आला होता. माणके आणि मोती भर बाजारात उघड्यावर विकले जातात, हे त्याने आश्चर्याने लिहून ठेवले आहे. समरकंदी माणूस बिसनगरमध्ये, कथेतल्या वाटेच्या नेमका उलट! एका मुलाने त्यालाही आकृती कापून बाजारात उभे केले. कथेत तो नाही, पण मी काढायला लावले नाही.

आता भांडण उरले होते सुरुवातीच्या पाटीचे. कोणी म्हणे ‘अलिफ लैलातून’ एवढे पुरे. कोणाला शाळेचे नाव वर हवे होते. ख्रिस्ती माणसाचे नाव पहिले घातले तर घरचे काय म्हणतील, असेही एकाने हळूच विचारले. मी मत दिले नाही, चिठ्ठ्या टाकायला लावल्या. एकतीस मुले, बावीस चिठ्ठ्या एका बाजूला.

पाटी कापायचे काम रागावलेल्या मुलीने मागून घेतले. काळ्या कागदात उर्दू अक्षरे कोरणे कठीण, नुक्ते गळून पडतात. तिसऱ्या खेपेला जमले. ‘कहाणी : हन्ना दियाब, हलब.’ तिच्याखाली आमच्या वर्गाची नावे. पहिले बारा फोटो त्या पाटीचेच काढले.