गाडी त्यांची, पट्टा आपला



आपलं कोरेगाव भीमा म्हणजे पुणे-नगर रस्त्यावरचं गाव. पहाटेपासून कामगारांच्या बसगाड्या सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या दिशेनं पळतात आणि रात्रभर ट्रकची रांग काही संपत नाही. ह्याच रस्त्यानं आपण माहेरी जातो, बाजाराला जातो, वऱ्हाडाला जातो.

मागच्या लग्नसराईत आम्ही भाड्याच्या जीपनं शिरूरला निघालो होतो. मधल्या सीटवर आम्ही चौघी आणि माझ्या मांडीवर जावेचा दोन वर्षांचा नातू. शिक्रापूर सोडलं आणि कुत्रं आडवं आलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली, पण पोर नाही थांबलं. माझ्या हातांतून सुटलं आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. कपाळाला दोन टाके पडले. थोडक्यात निभावलं, असं सगळ्यांनी म्हटलं. घरी परतताना मी सीटच्या फटीत हात घातला, तर कव्हराखाली पट्टा दाबून ठेवलेला सापडला. गाडीबरोबरच आलेला, पण कुणी कधी बाहेर न काढलेला.

हा पट्टा आला कुठून, कुणी केला आणि आपल्यापर्यंत कसा पोचला, ती गोष्ट आज सांगणार आहे.

व्होल्वो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बस येते. एसटीची शिवनेरी असो की खासगी ट्रॅव्हल्सची थंडगार गाडी, आपण सरसकट म्हणतो, "व्होल्वोनं गेलो." व्होल्वोच्या बस भारतात 2001 साली आल्या आणि कंपनीचं नाव बसच्या प्रकाराचंच नाव होऊन बसलं. पण ह्या कंपनीची सुरुवात मोटारीपासून झाली, आणि आपला पट्टा त्या मोटारीतलाच.

स्वीडन हा उत्तर युरोपातला थंडीचा देश. तिथे गोथेनबर्ग नावाचं बंदराचं शहर आहे. असार गाब्रिएल्सन हा हिशेब आणि विक्रीतला माणूस, तर गुस्ताफ लार्सन इंजिनियर. दोघांनी मिळून ठरवलं की आपल्या देशातल्या खराब रस्त्यांना आणि कडाक्याच्या थंडीला टिकेल अशी गाडी करायची. 14 एप्रिल 1927 रोजी पहिली गाडी कारखान्याबाहेर आली. गाब्रिएल्सन आधी एसकेएफ ह्या बेअरिंग करणाऱ्या कंपनीत होता. व्होल्वो हे नावही तिथलंच. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ होतो, 'मी फिरतो', म्हणजे चाकासारखा गरगर फिरतो.

अपघातात माणसाला इजा कशानं होते, हा प्रश्न ह्या कंपनीनं लवकर धरला. त्या काळी धडक बसली की पुढच्या काचेचे तुकडे तोंडात, डोळ्यांत घुसायचे. 1944 साली व्होल्वोनं आपल्या नव्या छोट्या गाडीला दोन थरांची काच बसवली. मध्ये चिकट पडदा असल्यामुळे ती फुटली तरी तुकडे सुटत नाहीत. आज आपल्या एसटीच्या पुढच्या काचेला तडा गेला तरी ती जागेवर राहते ना, तोच प्रकार.

आता पट्टा. पट्टे आधीही होते, पण ते फक्त कमरेवरून जायचे आणि बक्कल पोटावर यायची. धडकेत वरचं शरीर पुढे फेकलं जायचं आणि पट्टा पोटात रुतून आतल्या अवयवांना इजा व्हायची. व्होल्वोचे तेव्हाचे प्रमुख गुन्नार एंगेलाउ यांच्या एका नातेवाइकाचा मृत्यू अपघातात झाला होता, आणि त्यात अशा पट्ट्याची उणीवही एक कारण होती. 1958 साली त्यांनी नील्स बोलिन नावाच्या इंजिनियरला कामावर घेतलं. बोलिन आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या खुर्च्या करायचे. संकटात वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या. शरीराला केवढा हिसका बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बोलिन यांनी विचार केला की शरीराला धरायचं तर मजबूत हाडांना धरायला हवं. एक पट्टा खांद्यावरून छातीवर तिरपा, दुसरा कमरेच्या हाडावरून आडवा, आणि दोन्ही सीटच्या बाजूला खाली एकाच ठिकाणी अडकवायचे. बक्कल पोटावर नाही, बाजूला. आणि एका हातानं लावता यावा इतका सोपा, कारण अवघड गोष्ट माणूस रोज करत नाही. 13 ऑगस्ट 1959 रोजी असा पट्टा बसवलेली पहिली गाडी स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाड गावच्या विक्रेत्याकडे पोचली.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. ह्या पट्ट्याचं पेटंट व्होल्वोकडे होतं. दुसऱ्या प्रत्येक कंपनीकडून पैसे घेता आले असते. पण त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. म्हणूनच आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत तोच पट्टा आहे. आमच्या भाड्याच्या जीपमध्येही तोच होता, कव्हराखाली दाबलेला.

लोकांनी मात्र तो लगेच लावला असं नाही. गाडी पेटली तर अडकून पडू, कपडे चुरगळतात, जवळच तर जायचंय. तिकडचे लोकही हेच म्हणायचे. मग कंपनीनं वर्षभरात स्वीडनमध्ये तिच्या गाड्यांना झालेले 28 हजार अपघात तपासले आणि 1967 साली निष्कर्ष मांडले. पट्टा न लावलेली माणसं अगदी कमी वेगातही दगावली होती. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी 95 किलोमीटरच्या आतल्या वेगात एकही दगावलं नव्हतं. स्वीडनमध्ये पुढच्या सीटवर पट्ट्याची सक्ती 1975 साली झाली आणि मागच्या सीटवर 1986 साली. म्हणजे तिथेही पट्टा निघाल्यापासून मागच्या सीटपर्यंत कायदा पोचायला सत्तावीस वर्षं गेली.

लेकरांचा विचारही तिथे लवकर झाला. बर्टिल आल्डमन नावाचे संशोधक होते. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर झोपतात, म्हणजे जोर सगळ्या पाठीवर पसरतो, हे त्यांनी पाहिलं. लहान मुलाचं डोकं जड आणि मान नाजूक असते. मग त्यांनी मागे तोंड करून बसायची मुलांची खुर्ची केली. 1964 साली ती व्होल्वोच्या गाडीत तपासली गेली.

आणि बायका? गाड्यांची धडक-चाचणी माणसाच्या आकाराच्या बाहुल्यांवर होते. त्या बाहुल्या वर्षानुवर्षं पुरुषाच्याच बांध्याच्या होत्या. बाईची मान, उंची, बसायची पद्धत वेगळी असते. मागून धडक बसली तर मानेला हिसका बसून होणारी दुखापत बायकांना जास्त होते. व्होल्वोचं पथक 1970 पासून खऱ्या अपघातांच्या नोंदी ठेवतं. 40 हजारांहून अधिक गाड्या आणि 70 हजारांहून अधिक माणसं त्या नोंदींत आहेत. गरोदर बाईची संगणकावरची बाहुलीही त्यांनी करून पाहिली. 2019 साली आपल्या संशोधनाची माहिती त्यांनी इतर कंपन्यांसाठी खुली केली. पट्ट्याच्या पेटंटसारखीच.

आता गाडीवाल्यांना काय वाटतं? जुन्या व्होल्वो गाड्यांचा आकार खोक्यासारखा म्हणून लोक हसायचे. जड, चौकोनी, देखणेपण कमी. पण टिकाऊ. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन नावाच्या शिक्षकानं 1966 साली व्होल्वो घेतली आणि 2013 साली त्याच गाडीनं 30 लाख मैलांचा टप्पा ओलांडला. म्हणजे सुमारे 48 लाख किलोमीटर! वेळेवर तेल बदलायचं आणि गाडीची निगा राखायची, एवढंच त्याचं गुपित.

पण सगळंच सोन्याचं होतं असं नाही. 1990 साली अमेरिकेतल्या एका जाहिरातीत अजस्र ट्रक गाड्यांवरून जातो, बाकीच्या चिरडतात आणि व्होल्वो तशीच उभी राहते, असं दाखवलं. नंतर कळलं की त्या व्होल्वोला आतून आधार दिले होते. कंपनीला जाहीरपणे चूक मान्य करावी लागली. तेव्हा जाहिरात पाहून भुलायचं नाही, मग ती कुणाचीही असो. 1999 साली मोटारींचा धंदा फोर्डला विकला गेला आणि 2010 साली चीनच्या जीली कंपनीनं तो घेतला. बस आणि ट्रकची व्होल्वो आता वेगळी कंपनी आहे. मोटारीची व्होल्वो भारतात 2007 साली आली. ती श्रीमंतांची गाडी, आपल्या दारात काही येणार नाही.

पण तिनं शोधलेलं आपल्या दारात कधीच आलंय. आपल्याच रांजणगावच्या एमआयडीसीत तयार होणारी टाटांची नेक्सॉन डिसेंबर 2018 मध्ये जागतिक धडक-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. आपल्या भागातल्या हातांनी केलेली गाडी, म्हणून अभिमान वाटतोच. पण एक लक्षात ठेवा. त्या चाचणीत बाहुल्यांना पट्टा लावलेला असतो. पट्टा नसेल तर त्या पाच ताऱ्यांचा आपल्याला फारसा उपयोग नाही. एअरबॅगसुद्धा पट्ट्याच्या जोडीनंच नीट काम करते.

सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचं अपघातात निधन झालं. महागडी गाडी होती, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागं बसलं की काही होत नाही, हा आपला समज किती खोटा आहे, ते त्या दिवशी सगळ्या देशाला कळलं. ताशी 50 च्या वेगात बसलेली धडक म्हणजे सुमारे तीन मजल्यांवरून खाली पडण्यासारखी. तेव्हा मांडीवरचं दहा किलोचं बाळ कितीही घट्ट धरलं तरी हातात राहत नाही. आईची माया कमी पडते म्हणून नाही, हातांत तेवढं बळ नसतं म्हणून.

तर काय करायचं? भाड्यानं गाडी ठरवताना विचारायचं, "दादा, मागचे पट्टे चालू आहेत ना?" कव्हराखाली असतील तर निघायच्या आधी बाहेर काढायला लावायचे. पट्टा पदराच्या घडीवर नाही, अंगाला नीट बसायला हवा. गरोदर बाईनं कमरेचा पट्टा पोटावरून न घेता पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर घ्यायचा आणि तिरपा पट्टा छातीच्या मधून. एका पट्ट्यात आई आणि मूल दोघांना कधीच बांधायचं नाही. कायद्यानंही मागच्या सीटवर पट्टा लागतो, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला तो लावला नाही तर एक हजार रुपये दंड आहे.

आणि एक शेवटचं. ते स्वीडनचे लोक मोठे झाले ते प्रत्येक अपघाताची नोंद ठेवून आणि "हे का झालं?" असं विचारून. नोंद ठेवणं तर आपल्याला चांगलं जमतं. बचत गटाच्या वहीत आपण दहा रुपयांचा हिशेब चुकवत नाही. त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहूया. गावात अपघात कुठे झाला, किती वाजता, अंधार होता का, पट्टा किंवा हेल्मेट होतं का. वर्षभरानं ते पान घेऊन ग्रामसभेत उभं राहिलं, तर दिवा कुठे हवा आणि गतिरोधक कुठे हवा, हे आपल्याला ठामपणे सांगता येईल.

जावेच्या नातवाच्या कपाळावर अजून बारीक वण आहे. आता तो गाडीत बसला की आधी स्वतःच विचारतो, "आजी, माझा पट्टा?"