परदेश म्हणजे चेंबूर

मराठी समाजातील परदेशी शिक्षणाचा इतिहास आजवर प्रामुख्याने जाणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी, १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस मानवशास्त्रासाठी बर्लिन गाठणाऱ्या इरावती कर्वे अशा नावांभोवती तो फिरतो, आणि बोटीचा प्रवास, थंडी, अन्नाचे हाल, एकटेपण व परतल्यानंतरचा सत्कार किंवा बहिष्कार हे त्याचे टप्पेही ठरून गेलेले असतात. कोलंबो, काठमांडू किंवा जकार्ता येथून निघालेल्या विद्यार्थ्यासाठी परदेश म्हणजे मुंबईचे एक उपनगर होते, याची दखल मात्र या इतिहासात क्वचितच घेतली जाते. ते उपनगर म्हणजे चेंबूर. आणि गोवंडी स्थानकाच्या रस्त्यावर समोरासमोर वसलेल्या दोन संस्थांमुळे त्याला हे स्थान लाभले.

या दोन्ही संस्थांची मुळे टाटांच्या दानधर्मात आहेत. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांकरिता निधी स्थापन केला. ही मदत देणगी म्हणून न देता परतफेडीच्या बोलीवर, म्हणजे आजच्या भाषेत कर्ज-शिष्यवृत्ती म्हणून, दिली जात असे, आणि तिच्या पहिल्या दोन मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. पुढे १९३२ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा ट्रस्टने मात्र बाहेर पाठवण्याऐवजी येथेच शिक्षण उभे करण्याचा मार्ग धरला. त्याला निमित्त झाले ते क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याचे. शिकागोत शिकलेला हा गृहस्थ अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ मध्ये मुंबईत आला, नागपाड्यातील गिरणी-गोदी कामगारांच्या वस्तीत त्याने शेजार-केंद्र उभारले, आणि १९३६ मध्ये तेथेच समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा त्याच्या संचालकत्वाखाली सुरू झाली. १९४४ मध्ये तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले, जे आज सर्वांच्या तोंडी ‘टिस’ एवढेच उरले आहे, आणि १९५४ मध्ये ती नागपाड्याहून चेंबूरलगतच्या देवनारच्या मोकळ्या जागेत आली.

मोकळी जागा हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारी रेल्वे १९२४ मध्ये प्रवाशांसाठी खुली झाली असली तरी चेंबूरचा चेहरा खऱ्या अर्थाने बदलला तो फाळणीनंतर, सिंधी निर्वासितांच्या छावणीमुळे आणि तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या उद्योगांमुळे. १९५४ व १९५५ मध्ये माहुल परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात, म्हणजे जुलै १९५६ मध्ये, चेंबूरला लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र स्थापन झाले. स्वतंत्र भारताच्या नियोजनकर्त्यांना हवे असलेले इंधन, अणुशक्ती आणि लोकसंख्येचे गणित अशा तीन गोष्टी एकाच कोपऱ्यात एकत्र याव्यात, हा योगायोग असला तरी त्या काळाचे मन त्यात स्पष्ट दिसते.

हे केंद्र सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ या तिघांच्या भागीदारीतून निघाले. लोकसंख्याशास्त्र म्हणजे जन्म, मृत्यू व स्थलांतर यांमुळे मानवी समूहांच्या आकारात आणि वयोरचनेत होणाऱ्या बदलांचा संख्याशास्त्राच्या आधारे केलेला अभ्यास. दुसऱ्या महायुद्धानंतर आशियात स्वतंत्र झालेल्या देशांपुढे शाळा किती लागतील, धान्य किती लागेल, रोजगार किती निर्माण करावे लागतील हे प्रश्न उभे होते, परंतु त्यांची उत्तरे काढू शकणारी माणसे त्या देशांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. १९५५च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाने बांडुंग येथे आशिया व अतिपूर्वेच्या लोकसंख्येवर परिसंवाद भरवला तेव्हा ही उणीव ठळकपणे पुढे आली होती. तिच्यावरचा उपाय म्हणून खंडाखंडांत प्रादेशिक केंद्रे उघडण्याचे धोरण आकाराला आले, आणि चेंबूर हे त्यातील पहिले ठरले. चिलीतील सांतियागोचे केंद्र १९५७चे आणि कैरोचे १९६३चे.

मुंबईची निवड सर्वस्वी परकी नव्हती. संततिनियमनाचा प्रश्न या शहराने फार आधी पाहिला होता. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला जाऊन आलेल्या र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये येथे संततिनियमन केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी गमावली आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्युमानाची पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली होती. तरीही भारतीय लोकसंख्येवरचा त्या काळचा सर्वमान्य ग्रंथ किंग्सले डेव्हिस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा होता आणि तो १९५१ मध्ये प्रिन्स्टनहून प्रकाशित झाला होता. स्वतःच्या देशाची माणसे मोजण्याचे शास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेला जावे लागत असे. चेंबूरच्या केंद्राने ही दिशा निदान अंशतः उलटवली.

येथे येणारा विद्यार्थी रूढ अर्थाने तरुण विद्यार्थी नसे. तो बहुधा आपल्या देशाच्या जनगणना, सांख्यिकी, नियोजन किंवा आरोग्य खात्यातील मधल्या फळीचा अधिकारी असे, सरकारने त्याची निवड केलेली असे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या किंवा भारत सरकारच्या अधिछात्रवृत्तीवर, म्हणजे शिकण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक मासिक वेतनावर, तो येत असे. त्याच्या मागे नोकरी राखून ठेवलेली होती आणि पुढे तिच्यावर परतण्याचे बंधन होते. परदेशी शिक्षणावरच्या चर्चेत बुद्धिवंतांच्या गळतीचा मुद्दा हटकून येतो. पण या योजनेच्या रचनेतच परतणे गृहीत असल्यामुळे तो प्रश्न येथे फारसा उद्भवत नव्हता. त्याची किंमत वेगळ्या रूपात द्यावी लागे. घरसंसार असलेल्या, कनिष्ठांवर हुकूम चालवण्याची सवय झालेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसून लॉगरिदमच्या कोष्टकांशी झुंजावे लागे, तेही इंग्रजीतून, आणि ज्यांच्या देशात उच्च शिक्षण डच, फ्रेंच किंवा स्वभाषेत होत असे त्यांच्यासाठी ती दुहेरी परीक्षा होती.

कायदेशीर सोपस्कार हाही अभ्यासक्रमाचाच एक अलिखित भाग असावा असे वाटण्याइतके गुंतागुंतीचे होते. १९३९च्या कायद्यानुसार परदेशी नागरिकाला पोलिसांच्या नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागे. नेपाळी विद्यार्थी मात्र त्यातून मोकळा होता, कारण १९५०च्या भारत-नेपाळ करारापासून त्याला येथे जवळपास नागरिकाप्रमाणेच राहता येत होते. त्यामुळे एकाच वर्गात काहीजण कागदोपत्री पूर्ण परके आणि काहीजण अर्धे घरचे अशी गंमत होती. मुंबई राज्यात १९४९च्या कायद्याने दारूबंदी होती आणि परदेशी माणसाला मद्यासाठी वेगळा परवाना काढावा लागे, त्यामुळे दुसऱ्या देशातील सरकारी अधिकाऱ्याला येथील सरकारच्या नैतिक धोरणाची ओळख पहिल्याच आठवड्यात होत असणार. घरी बोलायचे तर फोन महाग आणि बेभरवशाचा होता, म्हणून सारी भिस्त हवाई पत्रांवर होती.

हवामानाने आशियाई विद्यार्थी दचकत नसे, कारण मोसमी पाऊस त्याच्याही ओळखीचा होता. चेंबूरची हवा ही निराळी बाब होती. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या जोडीला १९६०च्या दशकात तुर्भ्याचा खत कारखाना आला, देवनारची कचराभूमी आधीपासून होतीच, १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला, आणि चेंबूरच्या दूषित हवेची चर्चा वर्तमानपत्रांत नित्याची झाली. मृत्युमान आणि त्याची कारणे शिकवणाऱ्या संस्थेला उदाहरणासाठी दूर जावे लागत नव्हते. दुसरीकडे, याच उपनगरात सिंधी, पंजाबी, मलबारी आणि विशेषतः तमिळ वस्ती दाट होत गेली होती. कोळी-आगरी गावठाणे तर त्याहून जुनी. जेथे बहुतेक शेजारी स्वतःच कोठून तरी आलेले आहेत अशा ठिकाणी परक्या माणसाकडे वळून पाहण्याची प्रथा फारशी टिकत नाही. लहान विद्यापीठगावात परदेशी विद्यार्थ्याला जे सतत न्याहाळले जाते, ते चेंबूरमध्ये त्यामानाने कमी असावे, असे अनुमान काढता येते.

या शिक्षणाचे खरे फळ मात्र वर्गातील विषयातच होते, आणि त्यासाठी एखाद-दोन तांत्रिक गोष्टी समजून घ्याव्या लागतात. जनगणनेत वय विचारले असता ज्यांना ते नक्की ठाऊक नाही ते लोक शून्य किंवा पाचने संपणारा आकडा सांगतात, त्यामुळे तीस, पस्तीस, चाळीस या वयांची माणसे कागदावर भरमसाट वाढतात आणि एकतीस किंवा एकोणचाळीसची जवळजवळ नाहीशी होतात. यालाच वयाचे अंकसंचयन म्हणता येईल. त्यावर एक उपाय घटनांच्या दिनदर्शिकेचा, म्हणजे सर्वांच्या स्मरणात असलेल्या प्रसंगांच्या आधारे वय ठरवण्याचा. महाराष्ट्रातील वृद्धाला १८९६ची प्लेगची साथ किंवा १९१८चा इन्फ्लुएन्झा, आणि पुढच्या पिढीला १९६७चा कोयनेचा भूकंप किंवा १९७२चा दुष्काळ विचारायचा आणि तेव्हा तो केवढा होता यावरून हिशेब मांडायचा. ही युक्ती येथे शिकलेल्या माणसाला स्वतःच्या देशात केवळ घटना बदलाव्या लागत, पद्धत तीच राहत असे. लंडन किंवा प्रिन्स्टन येथे, जन्मदाखला सर्वांकडे असतो हे गृहीत धरणाऱ्या समाजात, हा प्रश्न शिकता आला तरी भोगता येत नव्हता.

दुसरे उदाहरण केंद्राचे एक संचालक सी. चंद्रशेखरन यांचे. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञासह त्यांनी १९४९ मध्ये एक पद्धत मांडली होती, जिचे प्रत्यक्ष काम बंगालमधील सिंगूर येथे झाले होते. गावातील जन्म-मृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या करायच्या, एक सरकारी नोंदवहीतून आणि दुसरी घरोघर विचारून, मग दोन्हींत आढळलेल्या, फक्त पहिलीत आढळलेल्या आणि फक्त दुसरीत आढळलेल्या घटना वेगळ्या काढायच्या, आणि त्यांच्या प्रमाणावरून दोन्ही याद्यांतून निसटलेल्या घटनांचा अंदाज बांधायचा. अपुऱ्या नोंदींच्या देशाने अपुऱ्या नोंदींतूनच सत्याजवळ जाण्याचा काढलेला हा मार्ग होता, आणि तो ज्याने काढला त्याच्याकडूनच शिकण्याची संधी चेंबूर देत होते. १९६६ मध्ये कोल आणि डेमेनी यांनी प्रसिद्ध केलेल्या आदर्श जीवनसारण्या, म्हणजे कोणत्या वयात किती माणसे जगतात याची नमुना कोष्टके, जगभर वापरल्या गेल्या, परंतु त्या बहुतांशी युरोपीय आकडेवारीवर बेतलेल्या होत्या. त्या आशियाला कितपत लागू पडतात हे विचारण्यासाठी आशियाई विद्यार्थ्यांनी भरलेला वर्ग हीच योग्य जागा होती.

तथापि या शिक्षणाची एक बाजू अवघड आहे आणि ती टाळून चालणार नाही. संयुक्त राष्ट्रसंघापासून दात्या देशांपर्यंत सर्वांचा लोकसंख्येतील रस निव्वळ ज्ञानापोटी नव्हता. गरीब देशांची संख्या आवरणे हा त्यामागचा उघड हेतू होता. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक परिषदेत भारताच्या वतीने तत्कालीन आरोग्यमंत्री करण सिंह यांनी विकासालाच सर्वोत्तम उपाय ठरवले, आणि दोनच वर्षांनी, आणीबाणीत, त्यांच्याच खात्याने कठोर लोकसंख्या धोरण जाहीर केले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले, ज्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या वर्षी चेंबूरमध्ये शिकणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला, आकडे मोजणारे शास्त्र माणसांवर सक्ती करणाऱ्या राज्ययंत्रणेच्या किती जवळ उभे असते, हे पुस्तकाबाहेर पाहायला मिळाले असणार. तो धडा अभ्यासक्रमात नव्हता, पण परदेशी शिक्षणाने दिलेल्या मोलाच्या गोष्टींत त्याचा समावेश करावा लागेल.

केंद्राचे नाव १९७० मध्ये इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन स्टडीज झाले, १९८५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा आला आणि नावातील शेवटच्या शब्दाच्या जागी ‘सायन्सेस’ हा शब्द आला. १९९२-९३ मधील पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मध्यवर्ती जबाबदारी या संस्थेकडे आल्यापासून तिची ओळख देशांतर्गत कामाशी अधिक जोडली गेली. आजवर आशिया-प्रशांत, आफ्रिका आणि उत्तर अमेरिका येथील चाळीसहून अधिक देशांच्या विद्यार्थ्यांनी तेथे प्रशिक्षण घेतले आहे. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या टिसमध्ये परदेशी विद्यापीठांशी होणारी देवाणघेवाण निराळ्या घडणीची आहे. तेथे परका विद्यार्थी एखाद्या सत्रापुरता येतो, श्रेयांक मिळवतो, म्हणजे शिकलेल्या भागाचे गुण आपल्या विद्यापीठात जमा करून घेतो, आणि परततो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या विनियमांनी अशा सहयोगाला औपचारिक चौकटही दिली.

या दोन नमुन्यांची तुलना केली तर जुन्या पद्धतीला, तिच्या साऱ्या सरकारी जडपणासह, झुकते माप द्यावेसे वाटते. सत्रापुरता आलेला विद्यार्थी शहर पाहतो. वर्षभर राहिलेला अधिकारी येथल्या प्रश्नांवर काम करून तीच अवजारे घेऊन परतत असे. परंतु जुन्या पद्धतीचा एक दोष मात्र मोठा होता, आणि तो आजही दूर झालेला नाही. लोकसंख्याशास्त्रातील हुशार भारतीय विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाकडेच पाहत राहिला. काठमांडू, ढाका किंवा कोलंबो येथे वर्षभर शिकायला जावे असे चेंबूरच्या वर्गातील भारतीयाला कोणी सुचवले नाही आणि त्यालाही वाटले नाही. शेजारी देशांनी आपली माणसे येथे धाडली, आपण त्यांच्याकडे धाडली नाहीत. तेव्हा याला देवाणघेवाण म्हणताना ‘देवाण’ तेवढी झाली, हे मान्य करावे लागते.