कोर्टाची पायरी आणि आपण

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही शिकवण आपण सामानाबरोबरच वेल्समध्ये आणली आणि निष्ठेने पाळली. पण कार्डिफच्या फिट्झॅलन प्लेसवरील मॅजिस्ट्रेट कोर्टात न्यायासनावर कोण बसते हे कळले, की ती शिकवण अपुरी वाटू लागते.

तिथे बहुधा तिघे बसतात. शिक्षक, दुकानदार, परिचारिका असे कोणीही. कायद्याची पदवी लागत नाही, पगार मिळत नाही. कायदा काय म्हणतो ते कोर्टाचा सल्लागार सांगतो. आरोपी दोषी की निर्दोष आणि शिक्षा किती, हे मात्र तिघे बहुमताने ठरवतात. इंग्लंड-वेल्समधला जवळजवळ प्रत्येक फौजदारी खटला इथे सुरू होतो आणि 90 टक्क्यांहून अधिक खटले इथेच संपतात. अतिगंभीर गुन्हे तेवढे क्राउन कोर्टात जातात. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर, इथे तिघांमुखी.

या प्रथेचे मूळ 1361 च्या कायद्यात आहे. शतकानुशतके हा मान जमीनदारांचा होता. मालमत्तेची अट 1906 मध्ये गेली. 1919 च्या कायद्याने स्त्रियांना दार उघडले. वेल्समध्ये भाषेचाही अडसर होता. 1536 च्या कायद्याने कोर्टाची भाषा इंग्रजी झाली आणि वेल्श माणूस आपल्याच गावात परक्या भाषेत शिक्षा ऐकू लागला. 1942 मध्ये थोडी सवलत मिळाली. वाटेल त्याला कोर्टात वेल्श बोलण्याचा हक्क 1967 मध्ये आला.

आपल्या लोकांना हे पद नवे नाही. मुंबईत ‘जस्टिस ऑफ द पीस’ आधी फक्त गोरे असत. 1832 च्या कायद्याने हिंदी लोकांना वाट मोकळी झाली आणि त्याच दशकात नेमलेल्या पहिल्या मंडळींत जगन्नाथ शंकरशेट होते. म्हणजे मुंबईत नाना न्यायासनावर बसले. पण सुमारे नव्वद वर्षांनी, 1925 च्या ‘रंगीत परदेशी खलाशी’ आदेशाखाली, कार्डिफ बंदरात ब्रिटिश प्रजाजन असलेल्या खलाशांनाही पोलिसांनी परके म्हणून नोंदवले. कायदा तोच, पण तो राबवणाऱ्यांत त्या खलाशांना ओळखणारे कोणी नव्हते.

म्हणूनच शताब्दीच्या या अंकात आम्ही स्वतःलाच विचारतो आहोत: आपण अर्ज भरायला का कचरतो? वय 18 ते 74 असावे, वर्षाकाठी किमान 13 दिवस द्यावेत, प्रशिक्षण घ्यावे. ब्रिटिश नागरिकत्वाचीही अट नाही. शपथ मात्र मोठ्या न्यायाधीशांचीच: कोणाची भीती नाही, कोणाची भीड नाही.

आरोपीच्या पिंजऱ्यातून कोणी घाबरलेला पोरगा वर पाहील, तेव्हा समोरच्या तिघांत एखादा चेहरा आपल्यातला असावा. त्याने पोराला सूट द्यावी म्हणून नव्हे. हे कोर्ट या शहरातल्या सगळ्यांचे आहे, हे त्याला दिसावे म्हणून. तेवढ्यासाठी ती पायरी शहाण्यानेच चढायला हवी.