मूलभूत हक्क ही अमेरिकेची नक्कल नव्हे!

संविधान म्हणजे इकडून तिकडून उचललेल्या कलमांची गोधडी, असे म्हणणारे आजही भेटतात. मूलभूत हक्क तर थेट अमेरिकेची नक्कल, असेही ते ठासून सांगतात. त्यांना उत्तर द्यायला नागपूरचा इतिहास पुरेसा आहे.

अमेरिकेच्या मूळ संविधानात हक्कांची सनद नव्हती. १७९१ साली दहा दुरुस्त्या करून ती जोडली. तिने सरकारच्या हाताला लगाम घातला, पण गुलामांच्या मालकांना हातही लावला नाही. गुलामगिरी १८६५ पर्यंत चालूच राहिली.

आपला प्रश्न नेमका इथेच होता. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी पाणी प्यालेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. तो सरकारने नव्हे, गावातल्या सवर्णांनी केला. म्हणून हक्क सरकारविरुद्ध जितका हवा, तितकाच समाजाविरुद्धही हवा.

ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. त्याच वर्षी ते गोलमेज परिषदेला गेले. तिथे आर. श्रीनिवासन यांच्यासह दिलेल्या निवेदनात त्यांनी समान नागरिकत्व मागितले आणि ते नाकारणाऱ्याला शिक्षाही मागितली. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. याच फेडरेशनतर्फे १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा संविधानाचा मसुदा मांडला.

आज कलम १५(२) मध्ये दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता यांची नावे घेतली आहेत. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. ही कलमे शेजाऱ्यालाही बांधतात. आणि कलम ३२ हक्क बुडाला तर थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडते. ही नक्कल आहे का?

पण हिशेब पूर्ण झालेला नाही. जमीन, विमा आणि मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे करा आणि हे संविधानातच लिहा, अशी त्या मसुद्याची मागणी होती. भुकेला माणूस पोटासाठी आपले हक्क गहाण टाकतो, हे बाबासाहेब ओळखून होते. ती मागणी मान्य झाली नाही. आर्थिक न्याय मार्गदर्शक तत्त्वांत गेला, आणि ती तत्त्वे मोडली म्हणून कोर्टात दाद मागता येत नाही.

दीक्षाभूमीवर दरवर्षी येणाऱ्या तरुणांनो, मिळालेली कलमे पाठ करा. पण राहिलेली मागणी विसरू नका.

जय भीम! जय संविधान!